अनुक्रमाचा हक्क

सुटी सुटी गाणी संगणकावर उतरवून घेण्याची सोय झाल्यापासून अखंड अल्बम ऐकण्याची वृत्ती लोपली, अशी जी कैफियत रसिक मंडळी वारंवार मांडतात, ती खोटी नसली तरी तिचा पाया कच्चा आहे. कारण अल्बम ही काही सनातन संस्था नव्हे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग आटोपता घेण्यात आपल्या थोर गवयांची एक पिढी खर्ची पडली, आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मावणारी लाँग प्ले तबकडी १९४८ साली बाजारात आली तेव्हा कोठे गाण्यांच्या अनुक्रमाचा विचार करण्यास मोकळीक मिळाली. तेव्हा अल्बमची वकिली परंपरेच्या नावाने करून भागणार नाही. ओळीने ऐकल्यावर जे हाती लागते ते सुटे ऐकल्यावर लागते की नाही, एवढाच मुद्दा निर्णायक आहे.

या मुद्द्यावर ब्रिस्टलची साक्ष मोलाची आहे. गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या या बंदराच्या शहरात, कॅरिबियन वस्तीने सोबत आणलेल्या संगीताच्या प्रभावातून एक नवी, मंद, उदास शैली घडली आणि १९९१ साली ‘मॅसिव्ह अटॅक’ या गटाच्या ‘ब्लू लाइन्स’ या अल्बमने ती जगापुढे आली. पुढे ऑगस्ट १९९४ मध्ये ‘पोर्टिसहेड’चा ‘डमी’ व फेब्रुवारी १९९५ मध्ये ट्रिकीचा ‘मॅक्सिनक्वे’ हे दोन अल्बम सहा महिन्यांच्या अंतराने निघाले. नवल असे, की दोहोंतील एकेक गाणे अमेरिकी गायक आयझॅक हेझच्या १९७१ सालच्या एकाच ध्वनिमुद्रणातून उचललेल्या त्याच स्वरावलीवर उभे आहे. सुटी ऐकली तर ही गाणी जुळ्या भावंडांसारखी वाटतात. परंतु ‘डमी’त ते गाणे, म्हणजे ‘ग्लोरी बॉक्स’, अकरावे व अखेरचे आहे, आणि दहा गाणी आवरून धरलेला गायिका बेथ गिबन्सचा स्वर तेथे जो मोकळा होतो त्याचे मोल त्या आधीच्या आवरण्यात आहे; उलट ट्रिकीने तीच स्वरावली चौथ्या स्थानी, गिटारींच्या कल्लोळाने भरलेल्या ‘ब्लॅक स्टील’च्या लगेच मागे ठेवल्यामुळे तेथे ती खोल पाण्यात उतरत गेल्यासारखी वाटते. भैरवी झाली की मैफल संपली हे ज्याला उपजत कळते, त्या मराठी श्रोत्याला स्थानाचा हा महिमा पटवून देण्याची गरज नसावी.

‘पोर्टिसहेड’ने तर आपलीच वादने तबकडीवर उतरवून, ती तबकडी जमिनीवर टाकून पायांखाली तुडविली आणि मग तिच्यावरून पुन्हा ध्वनिमुद्रण केले. ही हेतुपुरस्सर खरखर अल्बमभर ऐकत गेल्यास तिची एक हवा तयार होते; एकुलत्या गाण्यात ती निव्वळ दोष वाटण्याचा संभव आहे.

येथे कोणी खवचटपणे विचारील, की ज्यांनी स्वतःच इतरांच्या तबकड्यांचे तुकडे कापले, त्यांनी अखंडतेची मागणी कोणत्या तोंडाने करावी? आक्षेप वाजवी आहे. त्याला उत्तर एवढेच, की त्यांनी तुकडा कापला तो नव्या अनुक्रमात बसविण्यासाठी. आवडीची गाणी विचारपूर्वक ओळीने लावून मित्रासाठी कॅसेट भरणारा मनुष्य याच न्यायाने मला यंत्राच्या मर्जीवर क्रम सोपविणाऱ्यापेक्षा अधिक जाणता वाटतो.

अल्बमच्या अखंडतेचा हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीपर्यंतही गेला. आपल्या अल्बममधील गाणी परवानगीवाचून सुटी विकू नयेत, हे करारनाम्यातील कलम इंटरनेटवरील विक्रीलाही लागू आहे, असा ‘पिंक फ्लॉइड’चा ‘ईएमआय’ कंपनीविरुद्धचा दावा लंडनच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये मान्य केला. पण जानेवारी २०११ मध्ये उभयतांत नवा करार झाला आणि सुट्या विक्रीची मुभा खुद्द वादीनेच देऊन टाकली! जे कलाकाराने बाजारापुढे सोडून दिले ते कायद्याने राखावे, ही अपेक्षाच व्यर्थ होय. क्रमाचा हक्क आता श्रोत्याच्या स्वाधीन आहे, आणि तो बजावण्यास त्याला कोणाची आडकाठी नाही.

‘डमी’ पन्नास मिनिटांच्या आत संपतो. ज्यांनी ‘ग्लोरी बॉक्स’ आजवर केवळ सुटे ऐकले असेल, त्यांनी आधीची दहा गाणी ऐकावीत आणि मगच त्याच्याविषयी आपले मत द्यावे.