सापडलेले धन आणि दानपेटी

आठवडी बाजाराच्या दिवशी एस. टी. स्थानकाच्या आवारात एखाद्या मनुष्यास पाचशे रुपयांची नोट पडलेली सापडते. इकडेतिकडे पाहावे तर विचारपूस करणारा कोणी नाही. मनुष्य लबाड नाही. परक्याचा पैसा घरी न्यावा असे त्याच्या मनास वाटत नाही. वाटेत देऊळ लागते. ती नोट तो दानपेटीत टाकतो, हात जोडतो आणि हलक्या मनाने घरी जातो. पुढे ही गोष्ट कोणी ऐकली तर त्याची प्रशंसाच करतो. त्याने ते धन स्वतः भोगले नाही, हे उघड आहे. परंतु त्याने जे केले त्यास दान म्हणता येईल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारणे अवश्य आहे. कारण ही चूक लबाड माणसाच्या हातून होत नाही, श्रद्धाळू माणसाच्याच हातून होते.

दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. तेव्हा ज्या वस्तूवर आपले स्वत्वच नाही ती सोडणार कशी? वस्तू हरवली म्हणजे धन्याचा तिच्यावरील ताबा सुटतो, स्वामित्व सुटत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात या विषयाचा निर्णय आलेला आहे. ज्याचा धनी ठाऊक नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे सांभाळावे, त्या अवधीत धनी आला तर त्यास द्यावे, पुढे ते राजाचे. “हे माझे” म्हणणाऱ्याने वस्तूचे रूप, संख्या इत्यादी खुणा सांगाव्या. खोटे बोलणाऱ्यास वस्तूच्या मोलाइतकाच दंड. रक्षणाबद्दल राजाने सहावा, दहावा अथवा बारावा भाग घ्यावा. याज्ञवल्क्यस्मृतीत हा अवधी एक वर्षाचा आहे. अवधी किती, हा येथे मुख्य मुद्दा नव्हे. सर्व भूमीचा अधिपती जो राजा, त्यालाही थांबावयास सांगितले आहे, हे ध्यानात घ्यावे. स्थानकापासून देवळापर्यंत चालत जाण्यास जितका वेळ लागतो तितक्यात निर्णय करण्याचा अधिकार शास्त्राने कोणास दिलेला नाही.

येथे अशी शंका येते की, सुट्या नोटेवर कोणाचे नाव नसते. तिचा धनी सापडणार तरी कसा? कायद्यानेही हा भेद केलेला आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 403 खाली असे उदाहरण होते की, राजरस्त्यावर एक रुपया सापडला, तो कोणाचा हे ठाऊक नाही, आणि तो उचलला, तर एवढ्याने अपराध होत नाही. मात्र धनी ठाऊक असता, किंवा त्याचा शोध लावण्याचे साधन हाती असता, अथवा वाजवी शोध न करता आणि वाजवी काळ न थांबता वस्तू आपलीशी केली, तर तो अपराध होय. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 314 मध्ये हा विषय आहे. परंतु अपराध कोठे होतो एवढेच सांगून कायद्याचे काम संपते. दोष कोठे लागतो हे ज्याचे त्याने पाहावयाचे असते. शिवाय धनी सापडणार नाही, हे ठरविले कोणी? ज्याच्या हातात नोट आहे त्यानेच. आणि तेही बहुधा नोट उचलण्यास वाकल्यापासून सरळ उभा राहीपर्यंतच्या वेळात! ज्याचा त्यात गुंता आहे त्यानेच न्यायाधीश व्हावे, हा न्याय नव्हे.

या बाबतीत विनयपिटकातील एक कथा फार विचार करण्याजोगी आहे. श्रावस्तीजवळ अचिरवती नदीवर एक ब्राह्मण पाचशे नाण्यांची थैली काठावर ठेवून स्नानास उतरला आणि जाताना ती तेथेच विसरला. ती नाहीशी होऊ नये म्हणून एका भिक्षूने उचलून ठेवली. ब्राह्मण धावत परत आला, तेव्हा भिक्षूने ती त्यास दिली. आता सापडवून देणाऱ्यास शेकडा पाच द्यावे लागतील, ते कसे चुकवावे, असा विचार ब्राह्मणाच्या मनात आला; आणि माझी नाणी पाचशे नव्हती, हजार होती, असे म्हणून त्याने भिक्षूलाच अडकवून ठेवले. हे कळल्यावर भिक्षूंनी मौल्यवान वस्तू उचलू नये, असा नियम झाला. पुढे विशाखा आपले अलंकार विहारात विसरून गेली, तेव्हा त्या नियमास अपवाद करावा लागला. विहारात किंवा मुक्कामाच्या जागी वस्तू सापडली तर ती उचलावी आणि ज्याची असेल तो नेईल, या बुद्धीने जपून ठेवावी, असे ठरले.

या दोन टप्प्यांत मोठा अर्थ आहे. परक्या वाटेवर न उचलणे क्षम्य; परंतु ज्या जागेवर लोक आपल्या विश्वासाने येतात तेथे न उचलणे हाच दोष. आज यात्रेच्या गर्दीत मठाच्या अथवा देवळाच्या आवारात पैसे सापडतात. ते दानपेटीत टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि ती साफ चुकीची आहे. ज्या संस्थेस त्या धनाचा लाभ होणार तिनेच ते बेवारस ठरविले, असा त्याचा अर्थ होतो. आवारात सापडलेले धन आवाराचे नव्हे. तेथे एक वही असावी. तीत दिवस, वेळ, जागा आणि नोटांची संख्या लिहावी. आणि पुकारा करताना “पैसे सापडले आहेत” एवढेच सांगावे, रक्कम सांगू नये. रक्कम आणि खूण मागणाऱ्यानेच सांगावयाची. मनूने हेच सांगितले आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही थैली आणि तिची दोरी नीट ओळखून ठेवून वर्षभर पुकारा करावा, असे सांगितले आहे.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाची गोष्ट येथे उपयोगी पडेल. संशोधकांनी 40 देशांतील 355 शहरांत, सापडल्याचे सांगून, 17,303 पाकिटे निरनिराळ्या कार्यालयांत नेऊन दिली. प्रत्येक पाकिटात धन्याचे नाव होते. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. ज्यांत पैसे नव्हते त्यांच्या धन्याशी सुमारे शंभरात 40 वेळा संपर्क झाला. ज्यांत पैसे होते त्यांच्या धन्याशी 51 वेळा. रक्कम वाढविली तेव्हा हे प्रमाण आणखी वाढले. आपण चोर ठरू नये ही भावना आणि धन्याच्या हानीची जाणीव, अशी दोन कारणे संशोधकांनी दिली. आपल्या शास्त्रकारांना हे आधीच ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह टाळावा. त्यांनी दंड सांगितला आहे, यावरून त्यांचा मनुष्यावर तेवढा विश्वास दिसत नाही. पण एक गोष्ट खरी की, पाकिटावरचे नाव मनास जागे करते. सुट्या नोटेवर नाव नसते म्हणून धन्याचे मुख दिसत नाही. समजा, ती नोट कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याच्या कनवटीतून पडली आहे. तो घरी जाऊन पैसे मोजतो, पुन्हा मोजतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने स्थानकावर येऊन खालची माती पाहत हिंडतो. त्या वेळी त्याची नोट कुलूपबंद पेटीत असते आणि टाकणाऱ्याच्या मनात पुण्य जमा झालेले असते.

मग शोध करूनही धनी न आला तर? तर ते पोलिसांच्या स्वाधीन करावे. धर्मकार्यास द्यावयाचेच असेल, तर हनफी पंथाच्या विधीतील एक अट विचारात घ्यावी. पुकाऱ्याचा काळ संपल्यावर सापडलेले धन दान करता येते; परंतु धनी पुढे आला आणि त्यास ते दान मान्य नसले, तर देणाऱ्याने भरपाई करावयाची. दानपेटीसमोर उभ्या राहणाऱ्याने स्वतःला हेच विचारावे: उद्या धनी आला तर मी स्वतःचे पाचशे रुपये त्यास देईन काय?

बक्षिसाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 1872 च्या करार कायद्याने सापडवणाऱ्यावर वस्तूची ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. धन्याने बक्षीस जाहीर केले असेल तरच ते मागता येते. आता मोबाइलवरून चुकीच्या खात्यात पैसे येतात, तेथे तर धनी अज्ञात नसतोच. बँकेस कळविण्यात केलेला विलंब हाच तेथे दोष.

स्थानकावरील नोटेचे काय करावे, याचे उत्तर मात्र अवघड नाही. स्थानकावर वाहतूक नियंत्रकाची खोली असते, ध्वनिक्षेपक असतो. बाजार उठावयास अजून अवकाश असतो, आणि शेवटची गाडी सुटलेली नसते.