निवडणं

मागच्या वर्षी मी एका इंग्रजी आरोग्यपुस्तिकेचं मराठी भाषांतर करत होते. त्यात एक वाक्य होतं, ते मी असं उतरवलं: ‘आहाराची योग्य निवड करा.’ समजतं का ते पाहावं म्हणून आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. मावशींचं वजन वाढलंय, रक्तातली साखरही. त्या म्हणाल्या, “निवडते की ताई. रेशनचे तांदूळ निवडल्याशिवाय मी चुलीवर चढवतच नाही.”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. धान्य निवडणं म्हणजे सुपात आलेल्यातून खडे काढणं. सुपात काय यावं, हे निवडणारीच्या हातात नसतं. पुस्तिकेतली निवड मात्र भरलेल्या दुकानापुढे, हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाची होती.

सुपात येतं काय? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं बहुतेक लाभार्थी कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळतं. २०२३पासून तेही फुकट. या धान्यानं किती घरांतली उपासमार टळली, हे विसरणं कृतघ्नपणाचं होईल. पण डाळ, भाजी, अंडी, फळं रोख पैशांनी आणावी लागतात, आणि हात आखडला की पहिली काट त्यांच्यावरच बसते. भात कमी होत नाही; उलट डाळीची जागाही तोच घेतो. नातू रडला तर पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट कोपऱ्यावर मिळतं. ते नासत नाही, त्याला गॅस लागत नाही, कामावर निघालेल्या बाईचा वेळ जात नाही. पोट भरतं, अंगाला काय लागतं, तो प्रश्न वेगळा.

या अवस्थेला ‘कुपोषण’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही. कुपोषण म्हटलं की डोळ्यांपुढे बरगड्या येतात. खरं तर ‘कु’ म्हणजे वाईट, कमी नव्हे. बांग्लात ‘अपुष्टी’ म्हणतात. त्या शब्दात अभाव तरी आहे. आपल्या शब्दात तोही नाही. शब्द बरोबरच होता, आपण ऐकला चुकीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के कृश होत्या, २४ टक्के अतिवजनाच्या किंवा लठ्ठ, आणि ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त. आपल्याकडे लठ्ठपणा आजही श्रीमंत घरांतच जास्त आहे, हे खरं. पण या आकड्यांत भरलेलं अंग आणि उपाशी रक्त एकाच बाईचं असू शकतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून जवळच्या खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी भरली, पण चरबी त्या मानानं राखून होती. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे आईच्या पोटातली उपासमार मुलीच्या प्रौढ देहात साखर होऊन उगवू शकते. भूक आणि चरबी या दोन टोकांच्या गोष्टी आहेत, असं मग म्हणता येत नाही.

तरी आपला न्याय दोघींना वेगवेगळा. बारीक गरिबाची आपल्याला कणव येते. जाड गरिबाला आपण उपदेश करतो. त्याचा देह हीच त्याच्याविरुद्धची साक्ष ठरते: खायला मिळतंय, मग तक्रार कसली?

मावशींना काहीच ठरवता येत नाही, असं म्हणणं मात्र त्यांचा अपमान होईल. त्या रोज ठरवतात: डाळ की नातवाची वही, गोळ्या की भाडं. जबाबदारी त्यांच्यावरही आहे, पण ती सुपाच्या मापानं मोजायला हवी. आपण ती दुकानाच्या मापानं मोजतो.

ते वाक्य मी बदललं नाही. भाषांतर म्हणून ते बरोबर होतं. पण मावशींना ते ऐकवण्याआधी कुणीतरी त्यांच्या सुपात डाळ घालायला हवी होती.