जामीन कोण राहील?

समजा, शिक्षा पुरी भोगलेला एक मनुष्य आज सकाळी तळोजा कारागृहाच्या फाटकाबाहेर आला. पनवेलीस रोह्याच्या गाडीत बसून, आपटे, जिते, हमरापूर व पेण ही ओळखीची स्टेशने मागे टाकीत तो कासूस उतरला. न्यायाधीशाने जितके दिवस सांगितले तितके त्याने भरून दिले. सरकारदरबारी त्याजकडे काही येणे उरले नाही. असे असता गावात पाऊल ठेवताच जी दुसरी शिक्षा त्याजकरिता सुरू होते, ती त्यास कोणी सांगितली, आणि तिची मुदत किती, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

ह्या दुसऱ्या शिक्षेचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. मोठ्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागावे, तर पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला मागतात. दुकानात गड्याचे काम मागावे, तर मालकाची दृष्टी आधी गल्ल्याकडे जाते. भातलावणीस माणसांचा तुटवडा असतो, म्हणून तेवढे दिवस त्यास मजुरी मिळते. लावणी उरकली की तीही संपते. तोंडावर नाही असे कोणी म्हणत नाही. "पुढल्या आठवड्यात ये," असे म्हणतात, आणि तो पुढला आठवडा कधी उगवत नाही.

मालकाचे भय सर्वस्वी खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. गल्ल्यातील पैसा त्याच्या मुलाबाळांच्या घासाचा आहे. ज्याचे घर एकदा फोडले गेले, त्याने पुन्हा कडी न लावता निजावे असा उपदेश करणे सोपे, पण न्याय्य नव्हे. सावधपणा पाप नाही. परंतु सावधपणास मोजमाप असावे. ज्याने पैशाची अफरातफर केली त्याच्या हाती तिजोरीची किल्ली न देणे समजण्याजोगे आहे. त्यास विटा वाहण्याचे कामही न देणे ह्यात सावधपणा कोठे आहे? रागाच्या भरात भांडणात ज्याचा हात उठला, त्याने शेताचा बांध का घालू नये?

कायद्यानेही हा भेद थोडाबहुत ओळखिला आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्यान्वये ज्यास तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडिले जाते, त्यास त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. इंग्लंडात 1974 साली असा कायदा झाला की, ठरावीक वर्षे नीट वागल्यावर बहुतेक जुन्या शिक्षा पुष्कळशा कामांपुरत्या सरल्या असे धरावे. आपल्याकडे प्रौढ गुन्हेगारांकरिता असा सर्वसाधारण कायदा नाही. सरकारी नोकरीसंबंधाने सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सांगितले की, मागील गुन्हा लपविल्यास नोकरी जाऊ शकते, मात्र क्षुल्लक गोष्ट असल्यास अधिकाऱ्याने ती विचारपूर्वक सोडून द्यावी. तथापि उमेदवाराने खरे सांगितले तरी त्यास घेण्यास मालक बांधलेला नाही.

येथे ह्या मनुष्याचे खरे संकट दिसते. खोटे बोलून मिळविलेली भाकर कधी हिसकावली जाईल ह्याचा नेम नाही, आणि खरे बोलल्यास ती मिळेलच असे नाही. आपण त्यास सत्य बोलण्याचा उपदेश करितो. पण सत्य बोलणाऱ्यास आपल्या दारात उभे राहू देत नसू, तर असत्य त्यास आपणच शिकवीत आहो. आणि जे दोषी ठरलेच नाहीत त्यांचे काय? 2022 च्या अखेरीस हिंदुस्थानातील तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तीन अद्याप खटला चालू असलेली होती. त्यांतील कित्येक पुढे निर्दोष सुटतात. गाव मात्र त्यांसही "जेलमधून आलेला" ह्याच नावाने ओळखते.

आपल्याच मुलखात एकदा उलट वाटेने जाऊन पाहिले गेले. औंध संस्थानात आटपाडीजवळ 1939 साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी व पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनी स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत स्थापिली. तेथे कैद्यांनी कुटुंबासह राहावे व जमीन कसावी अशी योजना होती. ह्याच प्रयोगावरून 1957 सालचा "दो आँखें बारह हाथ" हा चित्रपट निघाला. आधी विश्वासास पात्र हो, मग काम देऊ, असे तेथे कोणी म्हटले नाही. काम आधी दिले, आणि पात्रता कामातून येऊ दिली. राजाने ह्यात आपली अब्रू गुंतविली होती, हे विसरता कामा नये.

फिलेमोनास लिहिलेल्या लहानशा पत्राची येथे आठवण होते. लिहिणारा पौल स्वतः बंदिवान; ज्याच्याकरिता लिहिले तो अनेसिम धन्यापासून दुरावलेला दास. पौलाने धन्यास क्षमेचा केवळ उपदेश करून पत्र संपविले नाही. ह्याजकडे काही येणे असल्यास ते आपल्या नावे मांडावे, अशी हमी त्याने स्वहस्ते लिहून दिली. तो जामीन राहिला.

क्षमेचे शब्द फुकट असतात; जामिनकीस किंमत पडते. ज्याच्याकरिता आपण शब्द टाकिला तो उद्या पुन्हा घसरला, तर नुकसान आपणांस सोसावे लागेल, आणि असे कधी कधी घडेलही. म्हणून सर्वांनी सर्वांकरिता जामीन राहावे असे आम्ही म्हणत नाही. एका गावात एका मनुष्याकरिता एकाने राहावे, इतकेच मागतो. मुकादमाकडे त्याच्याबरोबर जावे, त्याने काय केले ते न लपविता सांगावे, आणि "ह्यास मी ओळखितो, काही उणे पडल्यास मला विचारा," असे म्हणावे. कासूच्या स्टेशनावर उतरलेला तो मनुष्य गावाची वाट चालू लागला आहे. त्याच्याबरोबर मुकादमाच्या दारापर्यंत कोण जाईल?