झडती

दिवाळीत बाण आकाशात फुटून काळोखात विरला, की मला दरवर्षी एक गोष्ट आठवते. मी शास्त्रज्ञ नव्हे, मराठीचा मास्तर. तेव्हा ती मास्तरच्याच भाषेत सांगतो.

१९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी करार केला, की हवेत, अंतराळात व पाण्याखाली अणुस्फोटाच्या चाचण्या करायच्या नाहीत. करार झाला, विश्वास काही बसला नाही. कुणी चोरून बाँब तर उडवीत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह पहाऱ्यावर ठेवले. २ जुलै १९६७ रोजी त्यांच्या यंत्रांत गॅमा किरणांचा लोट नोंदला गेला. पण त्याच्या खुणा बाँबच्या नव्हत्या! पुढे तसेच आणखी लोट सापडले. ते पृथ्वीवरचे नव्हते, सूर्याचेही नव्हते. १९७३ साली ही हकीकत जगापुढे आली.

पुढे उलगडा झाला. सूर्याच्या वीस-तीस पट वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले, की गाभ्याला स्वतःचा भार पेलवत नाही. तो आत कोसळतो, त्याचे कृष्णविवर होते. आणि भोवती गरगरणाऱ्या द्रव्यातून दोन झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर सुटतात. त्यांतला एखादा आपल्या रोखाने आला, तर आपल्या यंत्रांना गॅमा किरणांचा लोट जाणवतो. २९ मार्च २००३ च्या लोटाच्या जागीच फुटलेला तारा आढळला, तेव्हा दीर्घकाळ टिकणाऱ्या लोटांविषयी फारशी शंका उरली नाही.

पाळत ठेवली शेजाऱ्यावर, आणि दिसले ताऱ्याचे मरण! मग संशयच भला म्हणायचा काय?

एकदा माझ्या वर्गात पेन हरवले. मी एका मुलाच्या दप्तराची झडती घेतली. पेन नव्हते; धाकट्या बहिणीसाठी राखून ठेवलेली अर्धी पोळी होती. झडती घेतली म्हणून त्याचे मन कळले, असे मी पुष्कळ वर्षे कौतुकाने सांगत असे. त्या मुलाने मात्र पुन्हा कधी माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही.

संशयाने यंत्र बांधले, हे खरे. पण 'हा बाँब नव्हे' असे मान्य करणारे मन संशयाचे नव्हते. ताऱ्याला झडतीचे दुःख नसते, माणसाला असते. जे चांगले सापडले, ते त्याचे. संशय मात्र माझा.

तो मुलगा आता परगावी असतो. यंदा फराळाच्या डब्यात मी चार ओळींची चिठ्ठी घातली आहे. तीत पोळीचे कौतुक नाही. झडतीबद्दल क्षमा मागितली आहे.