लांडग्याची पावलं, बिबट्याचे ठसे

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात उसाच्या बांधावर, ओल्या मातीत ठसा दिसला की गावभर एकच बोलबाला होतो: बिबट्या आला. गोदाकाठच्या दाट उसात मादी पिल्लं घालते, तेव्हा ही भीती उगाच नाही. पण जाणता माणूस आधी खाली वाकतो. पंजा गोल आहे का? बोटांपुढे नखं उमटलीत का? बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. कुत्र्याची आणि तरसाची नखं मातीत दिसतात.

या वाकून पाहण्यामागे फार जुना विचार आहे. चार्वाकांनी प्रत्यक्षालाच प्रमाण मानलं. त्यांचे ग्रंथ जवळपास सगळे नाहीसे झाले. जे कळतं ते बरंचसं विरोधकांच्या लेखनातून. हरिभद्रसूरींच्या आठव्या शतकातल्या ‘षड्दर्शनसमुच्चया’वरच्या टीकेत चार्वाकांची एक गोष्ट येते. बायको श्रद्धाळू, नवरा नास्तिक. एका रात्री तो तिला बरोबर घेऊन रस्त्यावरच्या धुळीत बोटांनी लांडग्याची पावलं उठवतो. सकाळी विद्वान जमतात आणि छातीठोकपणे सांगतात, रात्री रानातून लांडगा आला होता. नवरा बायकोला ते दृश्य दाखवतो: ज्यांच्या शब्दावर तू परलोक मानतेस, ते हे लोक.

गोष्टीचा रोख पंडितांवर असला, तरी खरा घाव अनुमानावर बसतो. धूर तिथे अग्नी, हे ठामपणे म्हणायला सर्व काळातला सगळा धूर पाहिलेला हवा. तो कुणी पाहिलाय? स्कॉटलंडच्या तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनेही 1748 साली विचारलं, आजवर घडलं म्हणून उद्या घडेल याला आधार काय? त्याचं उत्तर होतं: सवय.

मग अनुमान सोडूनच द्यायचं? पुरंदर नावाचा चार्वाक तसं म्हणत नाही. रोजच्या व्यवहारातलं, पडताळता येणारं अनुमान त्याला मान्य होतं. जे कुणालाच पाहता येत नाही तिथलं नव्हे.

पडताळणी राहिली की काय होतं, ते राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पाने दाखवलं. तेव्हा वाघ ठशांवरून मोजत. कागदावर वाघ होते; 2005 मध्ये कळलं, एकही उरला नव्हता. त्यानंतरच्या देशव्यापी गणनेत ट्रॅप कॅमेरे आले.

म्हणून निफाडकरांनो, मोबाइलवर ठशाचा फोटो आला तर पुढे पाठवण्याआधी तो कुठला, कधीचा ते विचारा. आणि बांधावर ठसा खरोखर दिसला, तर तो पुसू नका. वनविभागाचा माणूस येईपर्यंत त्यावर घमेलं पालथं घालून ठेवा.