न केल्याचं पाप

आमचं देऊळ आता रामनगरात आहे. मूळ गाव काळी नदीवरच्या सुपा धरणात गेलं, देव वर आला आणि देवाबरोबर पूजेची पाळीही आली. भाऊबंदांत वाटलेली ही पाळी माझ्याकडे आली की पहाटे उठून निर्माल्य काढायचं, देवाला पाणी घालायचं, गंध उगाळायचं, समईची काजळी पुसायची. पावसाळ्यात वाती दमट होऊन पेटत नाहीत, म्हणून त्या रात्रीच चुलीच्या उबेला ठेवायच्या. जोयडा तालुक्यातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

एवढं करून मिळतं काय? मीमांसकांतल्या एका मोठ्या पक्षाचं उत्तर रोखठोक आहे: काही नाही. मुलगा हवा, पाऊस हवा म्हणून केलेल्या काम्य कर्माला फळ असतं. नित्यकर्माला नाही. ते चुकलं तर मात्र दोष लागतो, ज्याला ते प्रत्यवाय म्हणतात. शंकराचार्यांनी त्यांना नेमकं इथेच अडवलं. न करणं म्हणजे अभाव. अभावातून पाप नावाची खरीखुरी वस्तू उपजेल कशी? दोष आधीचाच साचलेला असतो, न करणं ही फक्त त्याची खूण, असं त्यांचं म्हणणं. हा वाद मला बरीच वर्षं पोथीतच ठेवण्यासारखा वाटायचा.

भाची बेंगळुरूला उपग्रहांच्या नियंत्रणकक्षात पाळ्यांनी काम करते. चतुर्थीला आली होती, तेव्हा विचारलं, "रात्रभर तुम्ही लोक करता तरी काय गं?"

"काही होऊ नये हे बघतो, मामा."

मग तिने ॲस्ट्रोसॅटचं सांगितलं. 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून सुटलेली ही भारताची पहिली अंतराळ वेधशाळा साधारण 650 किलोमीटर उंचीवरून दीड तासाहून थोड्या जास्त वेळात पृथ्वीला एक फेरी घालते. एका फेरीत ती जमिनीवरच्या केंद्राच्या टप्प्यात येते ती जेमतेम दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात बॅटरी, तापमान, दिशा सांभाळणाऱ्या चाकांचा वेग असे आकडे तपासायचे, साठलेली निरीक्षणं उतरवून घ्यायची, पुढच्या आज्ञा चढवायच्या. दुर्बिणींवर थेट ऊन पडता कामा नये. दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्साराच्या पट्ट्यातून जाताना नाजूक उपकरणांचं व्होल्टेज उतरवायचं, बाहेर पडल्यावर पुन्हा चढवायचं. आकडे ठीक निघाले की तशी नोंद करायची आणि पुढच्या फेरीची वाट बघायची. पाच वर्षांसाठी बांधलेल्या या उपग्रहाने 2025 च्या सप्टेंबरात दहा वर्षं पुरी केली. मधे 2018 मध्ये त्याच्या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी कायमची बंद पडली. उरलेल्यांवर काम चालू राहिलं.

माझी गाठ सुटली ती मात्र आदित्य-एल1 मुळे. पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला असलेल्या एका बिंदूभोवती हे यान फिरतं. ती जागा अस्थिर आहे. किंचित ढळलं की ढळतच जायचं. पहिली प्रदक्षिणा 178 दिवसांची झाली, आणि ती कक्षा टिकवायला 2024 मध्ये 22 फेब्रुवारी, 7 जून आणि 2 जुलै असे तीनदा धक्के द्यावे लागले. समजा दिले नसते, तर यान कशाने भरकटलं असतं? धक्का न देण्याने? तो तर अभाव. भरकटवणारी ओढ सूर्याची आणि पृथ्वीची, आणि ती आधीपासून तिथेच होती. शंकराचार्य इथे शंभर टक्के बरोबर आहेत.

पण म्हणून मीमांसक खोटे ठरत नाहीत. आधीची ओढ रोज असते, म्हणूनच कर्म रोजचं. माझं त्यांच्याशी भांडण फळावरून आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ॲस्ट्रोसॅटने आकाशाच्या एका तुकड्याकडे एकूण 28 तास बघितलं. तिथे 930 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. शोध छापून आला तो 2020 मध्ये. त्या 28 तासांत दुर्बीण ढळली नाही, हे पाळीवरच्या माणसांचं फळ. ते दिसत नाही, कारण ते 'काही झालं नाही' या रूपात येतं. आमच्याकडेही कळसासाठी वर्गणी तासाभरात जमते, तेलासाठी दारोदार फिरावं लागतं.

आता प्रश्न उरतो तो थांबण्याचा. अग्निहोत्र जिवंत असेपर्यंत, असं शास्त्र सांगतं. मंगळयान सहा महिन्यांसाठी गेलं, जवळजवळ आठ वर्षं टिकलं, आणि एप्रिल 2022 मध्ये लांबलेल्या ग्रहणानंतर गप्प झालं. तिथे निर्णय माणसाच्या हाती राहिलाच नाही. मेघा-ट्रॉपिक्सचं तसं नव्हतं. उष्ण कटिबंधातल्या पावसाचा अभ्यास करणारा हा भारत-फ्रान्सचा उपग्रह 2011 मध्ये गेला, तीन वर्षांच्या बोलीवर दहा वर्षं राबला. वर तसाच सोडला असता तर शंभरहून अधिक वर्षं कचरा म्हणून फिरत राहिला असता. टाकीत सुमारे 125 किलो इंधन उरलं होतं. ते वापरून त्याला टप्प्याटप्प्याने खाली आणलं आणि 7 मार्च 2023 ला निर्मनुष्य पॅसिफिकवर वातावरणात उतरवलं. संन्याससुद्धा विधिपूर्वक घ्यायचा असतो; नुसतं सोडून देणं म्हणजे संन्यास नव्हे.

उपग्रह सुटल्याच्या तारखा मुलांकडून घोकून घेणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती: मेघा-ट्रॉपिक्स उतरवल्याची ही तारीखही एकदा फळ्यावर लिहा.