पाणी शिरते कुठून?



छोट्या मोटारबोटीच्या तळाशी पाणी साचू लागले की मालकापुढे दोन कामे येतात. साचलेले पाणी उपसणे आणि ते कुठून येते हे शोधणे. पहिले काम लहान मूलही करू शकते. दुसऱ्यासाठी लोकांचे उन्हाळेच्या उन्हाळे जातात. आयर्लंडमध्ये आपल्यापैकी बहुतेकांकडे बोट नाही, घराचे हप्तेच पुरे आहेत. पण शॅनन नदीच्या काठी, अथलोनला किंवा किलालूला सुट्टीच्या सकाळी गेलात तर कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने पाणी उपसणारा कुणीतरी दिसतोच. मला हा विषय धम्माचा वाटतो, म्हणून तो इथे मांडतो.

माझ्या एका आयरिश सहकाऱ्याची सोळा फुटी फायबरग्लासची बोट अथलोनजवळच्या लॉख री सरोवरात असते. तिच्यात पाणी नेहमी मागे, इंजिनच्या बाजूला साचे. साहजिकच संशय मागच्या भागांवर. तळाचे बूच, इंजिन ज्यावर टांगलेले असते ते बोल्ट, पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचे स्क्रू. त्याने बूच बदलले, बोल्टांना सीलंट लावले. पाणी येतच राहिले. शेवटी एका जुन्या कारागिराने त्याला पद्धत सांगितली. बोट बाहेर काढून आतून पूर्ण कोरडी करायची, कारण ओल्या तळात नवे पाणी ओळखता येत नाही. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचे तुकडे ठेवायचे. मग बोट पाण्यात सोडून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी नुसती उभी ठेवायची. मग जागच्या जागी इंजिन चालू करायचे. मग माणसे बसवायची. मग वेगाने न्यायची. दर वेळी कुठला कागद भिजला ते पाहायचे.

उभ्या बोटीत थेंब नव्हता. इंजिन चालू केले तरी नाही. माणसे बसवली तरी नाही. लाटांवरून वेगाने नेली तेव्हा कागद भिजला, आणि तोही सगळ्यात पुढचा. बोट ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी पुढच्या टोकाला स्टीलची कडी असते. तिच्या बोल्टांभोवतीचे सीलंट वाळून तडकले होते. लाट आपटली की थोडे पाणी आत येई आणि फरशीखालच्या पन्हळीतून मुकाट्याने मागे जाऊन बसे. गळती पुढे आणि डबके मागे, असा प्रकार.

कोणत्या परिस्थितीत पाणी येते आणि कोणती परिस्थिती काढली की ते थांबते, एवढेच त्या कारागिराने पाहायला सांगितले होते. प्रतीत्यसमुत्पादाचा गाभाही तोच आहे. दुःख आकाशातून पडत नाही आणि कपाळावर लिहिलेले नसते. त्याला प्रत्यय असतात, आणि प्रत्यय काढले की ते टिकत नाही.

पालीत चित्तातल्या मळांना ‘आसव’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ वाहणे, पाझरणे असा आहे. (आपल्याकडे द्राक्षासवाच्या बाटलीवर दिसतो तसाच हा शब्द.) मज्झिम निकायातल्या सब्बासव सुत्तात आसव घालवण्याचे सात मार्ग दिले आहेत. काही नीट पाहिल्याने जातात, काही संयमाने, काही वस्तूंच्या योग्य वापराने, काही सोसल्याने, काही टाळल्याने, काही काढून टाकल्याने, काही भावनेने, म्हणजे साधनेने. पहिला क्रमांक पाहण्याचा आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. कोणत्या गळतीला कोणता उपाय, हे पाहिल्याशिवाय ठरणार कसे? आणि धम्मपदाच्या भिक्खुवग्गात तर बोटीचाच दृष्टान्त आहे. तथागत भिक्खूला बोट उपसून हलकी करायला सांगतात आणि लगेच राग-द्वेष छेदण्याविषयी बोलतात. म्हणजे उपसणे आहेच, पण नुसते उपसणे नाही.

नुसते उपसण्याचे सुधारित रूप म्हणजे स्वयंचलित बिल्ज पंप. पाणी ठरावीक पातळीला आले की तो आपोआप सुरू होतो आणि पाणी बाहेर फेकतो. ही अतिशय उपयोगी वस्तू आहे, ती काढून टाका असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण तिच्यामुळे मालकाला तळ कोरडा दिसतो आणि त्याचा शोध थांबतो. मग एखाद्या आठवड्यात बॅटरी उतरते आणि धक्क्याला शांतपणे बांधलेली बोट, वादळ नाही, लाट नाही, तशीच खाली बसते. आयटीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. मेमरी गळणारा प्रोग्राम रोज रात्री रीस्टार्ट करून वर्षानुवर्षे चालवलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

परदेशात आपण असे पंप बसवून घेतलेले आहेत. चांगला पगार, चांगली वस्ती, नावावरून काहीच न कळणारे शेजारी. एखाद्या भारतीय घरच्या पार्टीत ‘तुम्ही मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?’ असा प्रश्न येतो तेव्हा पंप सुरू होतो. आपण विषय बदलतो, हसतो, घरी येतो. तळ पुन्हा कोरडा. यात मी कुणाला दोष देत नाही, बुडण्यापेक्षा उपसणे केव्हाही चांगले. प्रश्न एवढाच, की कोरड्या दिसणाऱ्या तळावर भरवसा ठेवून मुलांना त्या बोटीत बसवायचे का?

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला काळाचा. गाव सुटले, पिढी बदलली, आता जात आपोआप जाईल. लाकडी बोटींच्या बाबतीत अशी गोष्ट खरोखर घडते. आयर्लंडच्या सरोवरांवरच्या जुन्या पद्धतीच्या लाकडी बोटी हिवाळाभर कोरड्यात राहतात, फळ्या आकसतात, आणि वसंतात पाण्यात उतरवल्या की पहिले काही दिवस गळतात. जाणकार घाबरत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि फटी बुजतात. सोसल्याने जाणारी गळती ती हीच. पण तडकलेल्या सीलंटचे तसे होत नाही. ते दर लाटेला थोडे अधिक उघडते. जात यांतल्या कुठल्या प्रकारची, हे आधी तपासावे लागते.

दुसरा आक्षेप धम्मातलाच आहे आणि तो अधिक वजनाचा आहे. चूळमालुंक्य सुत्तात बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. बाण कुणी मारला, तो क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, धनुष्य कसले, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही, असे तो म्हणत बसला तर मरून जाईल. मग मूळ कशाला शोधायचे? माझ्या समजुतीप्रमाणे त्या माणसाचे प्रश्न उपचारासाठी नाहीत, उपचार लांबवण्यासाठी आहेत. वैद्य मात्र बाण किती खोल गेला, टोक कसे आहे, हे पाहतोच. बोट कुणी बांधली, सीलंट कुणी लावले, यावर तळ्याकाठी भांडता येते. बोल्ट कुठला सैल आहे, हा प्रश्न वेगळा. दोष ठरवणे आणि कारण शोधणे यांची गल्लत आपल्याकडे दोन्ही बाजूंनी होते. आपण कारण सांगू लागलो की समोरच्याला तो आरोप वाटतो, आणि आपणही कधीकधी आरोप करून कारण सापडल्याचे समाधान मानतो.

बाबासाहेबांनी हा शोध ४० वर्षे केला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीची वरवर दिसणारी लक्षणे एकेक बाजूला केली आणि सजातीय विवाह हे तिचे मर्म म्हणून दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही ते बंद वर्तुळ टिकवण्याची साधने. पण लोक ते वर्तुळ का राखतात? लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि अधिवेशनच रद्द झाल्याने १९३६ मध्ये स्वखर्चाने छापावे लागलेले भाषण याच प्रश्नावर पुढे जाते. पोटजाती मोडणे, सहभोजन, मिश्रविवाह असे उपाय ते क्रमाने तपासतात. मिश्रविवाह हा खरा उपाय, असे ते मानतात, पण लोक तो करत नाहीत, कारण शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा तसे करू देत नाही. म्हणजे गळती आणखी पुढे, मनात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, ते या शोधाला जोडून पाहिले की त्याची गरज कळते. उपसणेही त्यांनी थांबवले नव्हते. सत्याग्रह, कायदे, आरक्षण, शिक्षणसंस्था हे सगळे चालूच होते.

१९३६ च्या त्या विवेचनातला पोटजातींचा मुद्दा आपण सहसा वाचून पुढे जातो. पोटजाती मोडून जात मोडेलच असे नाही, उलट जाती अधिक बळकट होण्याचा धोका आहे, असे त्यांनी बजावले आहे. आता आपले वधू-वर परिचयाचे अर्ज डोळ्यांसमोर आणा. कुठे ‘पोटजात’ हा रकाना अजून असतो. कुठे तो काढला आहे आणि ‘धर्म : बौद्ध’ एवढेच लिहिले आहे, पण फोनवर पहिला प्रश्न ‘आपल्यातलेच ना?’ हाच असतो. मातंग किंवा चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबाचे स्थळ आले की कुंडली न मानणारे आपण अचानक ‘मुलांचे जमेल का’ असा विचार करू लागतो. ज्यांना शतकानुशतके बाहेर ठेवले त्यांनी सुरक्षिततेसाठी एकत्र राहणे आणि ज्यांनी दार लावले त्यांचे दार लावणे, ही एकसारखी गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. तरीही नवव्या आणि दहाव्या प्रतिज्ञेत आपण समतेचा शब्द दिला आहे, तो फक्त आपल्याशी नव्हे.

माझी एक सूचना आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण जमू तेव्हा वंदना आणि जेवण यांच्या मधला अर्धा तास यासाठी द्यावा. प्रत्येकाला एक चिठ्ठी. पालकांनी लिहावे : माझ्या मुलाने किंवा मुलीने कुणाला घरी आणले तर मी नाही म्हणेन. मुलांनी लिहावे : कुणाला आणले तर आई-बाबा नाही म्हणतील असे मला वाटते. नावे लिहू नयेत, चर्चा त्या दिवशी करू नये. दोन्ही गठ्ठे शेजारी-शेजारी ठेवून कुणीतरी मोठ्याने वाचावेत, मुलांचा आधी.